होडीला दोन छोटी इंजिने : फायदा, खर्च आणि खबरदारी

हर्णे, दाभोळपासून रत्नागिरीच्या मिरकरवाडा, राजिवडा, कर्ल्यापर्यंत आपल्या अनेक बांधवांची रोजी समुद्रावर अवलंबून आहे. कोणी मासेमारी करतो, कोणाचा मासळीचा व्यापार आहे, कोणी होड्या बांधतो, कोणी इंजिने दुरुस्त करतो. मोठ्या ट्रॉलरच्या पोटात डिझेल इंजिन बसवलेले असते, त्यांची गोष्ट वेगळी. हा लेख छोट्या होडीवाल्यांसाठी आहे. त्यांच्या वीस-पंचवीस फुटी लाकडी किंवा फायबरच्या होडीला मागच्या फळीवर आउटबोर्ड इंजिन अडकवलेले असते. या मंडळींत एक प्रश्न वारंवार निघतो. दहा हॉर्सपॉवरचे एक इंजिन आहेच, त्याच्या शेजारी तसेच दुसरे लावले तर कसे होईल?

कापडाच्या व्यापाऱ्याने इंजिनावर का लिहावे, असे कोणी विचारील. किनाऱ्यावरच्या गावांत कापडाची उधारी मासळीच्या हंगामावर फिटते. होडी बंद पडली की घरचा चुलाही थंडावतो आणि दुकानाची वहीही थांबते. शिवाय माल कोणताही असो, सौदा तपासण्याची रीत एकच. आपण पैसा कशासाठी देतो आहोत आणि ती वस्तू खरोखर पदरात पडते आहे काय, एवढेच पाहायचे असते. दुसऱ्या इंजिनाच्या बाबतीत पुष्कळ जण वेग मिळेल म्हणून पैसा घालतात. वास्तविक त्या इंजिनाची खरी किंमत परतीच्या भरवशात आहे आणि तो भरवसाही आपोआप मिळत नाही. त्यासाठी काही गोष्टी कराव्या लागतात.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट वेग नाही

होडी पाणी कापीत चालते तेव्हा तिच्या पुढे एक लाट उठते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी झाली की होडी स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात बसते. त्यापुढे कितीही जोर लावला तरी तो लाट मोठी करण्यात खर्ची पडतो. याचा एक ठोकळ हिशेब जगभरचे होडी बांधणारे वापरतात. पाण्यात बुडालेल्या भागाची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. जो आकडा येईल तो त्या होडीचा नॉटमधला सहज वेग. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर.

समजा पाण्यातली लांबी २४ फूट आहे. २४ चे वर्गमूळ सुमारे ४.९. त्याला १.३४ ने गुणल्यास साडेसहा नॉट येतात, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर. जाळी, बर्फ आणि माणसे भरलेली जड होडी एका इंजिनावर सहा नॉटने जात असेल, तर ती आपल्या मर्यादेच्या जवळ पोहोचलेलीच आहे. दुसरे इंजिन लावून ती फार तर सात नॉट जाईल.

याला एक अपवाद आहे. बुडाशी सपाट आणि वजनाला हलकी अशी फायबरची होडी पुरेसा जोर मिळाला की पाण्यावर उचलली जाते आणि घसरत चालते. अशा होडीला एका इंजिनाचा जोर अपुरा पडत असेल आणि दोहोंचा पुरत असेल, तर वेग खरोखर दुप्पट होऊ शकतो. परंतु त्यातले एक बंद पडले की ती पुन्हा पाण्यात बसते आणि पाच-सहा नॉटवर येते. जाताना ५० मिनिटे लागली तेथून येताना दोन तास लागू शकतात. म्हणून पेट्रोल आणि वेळ यांचा हिशेब नेहमी एका इंजिनावरच्या परतीचा धरावा.

पेट्रोलचा हिशेब

दहा हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरात तासाला सुमारे चार लिटर पेट्रोल घेते. टू-स्ट्रोक त्याहून अधिक घेते. आता वरच्याच जड होडीचे उदाहरण घेऊ. नऊ सागरी मैल जाणे आणि नऊ मैल येणे, एकूण १८ मैल.

एका इंजिनावर सहा नॉटने तीन तास लागतात आणि १२ लिटर पेट्रोल जळते. दोन इंजिनांवर सात नॉटने दोन तास ३४ मिनिटे लागतात आणि तासाला आठ लिटरप्रमाणे सुमारे साडेवीस लिटर जळते. म्हणजे २६ मिनिटे वाचवण्यासाठी साडेआठ लिटर पेट्रोल जास्त गेले. लिटरला १०० रुपये धरले तर एका फेरीला ८५० रुपये झाले. हंगामात २०० फेऱ्या धरल्या तर ही रक्कम १,७०,००० रुपये होते. मासळी अर्धा तास आधी बाजारात आल्याने एवढा जादा भाव मिळत असेल तर खुशाल दोन्ही इंजिने जोरात चालवावीत. मिळत नसेल तर नफा मासळीवाल्याला नाही, पेट्रोलपंपवाल्याला झाला असे समजावे.

केरळच्या किनाऱ्यावरचा तजुर्बा येथे उपयोगी आहे. १९८० च्या दशकात तेथे पारंपरिक होड्यांना आउटबोर्ड इंजिने लावण्याचा झपाटा सुरू झाला. पुढे रिंगसीन जाळ्याच्या लांबलचक होड्यांवर दोन-दोन, तीन-तीन इंजिने आली. त्यामागे कामाची गरज होती. तारली आणि बांगड्याचा थवा दिसला की तो पांगण्यापूर्वी जड जाळे टाकीत त्याला वेढा घालायचा असतो आणि होडीवर माणसेही पुष्कळ असतात. तरीही इंधनाचा खर्च त्यांना जड गेला आणि कालांतराने तशा अनेक होड्यांवर आत बसवलेली डिझेल इंजिने आली. आपल्याकडे गळ किंवा साधे जाळे टाकून बसणाऱ्या होडीला ती घाई नसते. दुसऱ्याने केले म्हणून आपणही करायचे, यात व्यापार नाही.

मग दुसरे इंजिन कशासाठी?

खाडीच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा असतो. ओहोटीचे पाणी बाहेर धावते आणि समोरून लाट येते, तेव्हा तेथे पाणी उभे राहते. अशा जागी इंजिन बंद पडले तर होडी आडवी होते आणि आडव्या होडीत लाट शिरते. दोरी ओढून इंजिन पुन्हा चालू करण्याइतकाही अवकाश मिळत नाही. तेथे दुसरे चालू इंजिन म्हणजे होडीवरच्या माणसांचा जीव. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतानाही हीच गोष्ट. बंद होडी तासातासाला घरापासून दूर जाते.

दुसरा फायदा धंद्याचा आहे. एक इंजिन दुरुस्तीला गेले तरी होडी किनाऱ्यावर पडून राहत नाही. दोन्ही एकाच बनावटीची असतील तर सुटे भाग एकच लागतात. तिसरा फायदा म्हणजे चाळीस किलोचे इंजिन दोन माणसे सहज काढून घरी नेतात, त्यामुळे चोरीची आणि पावसाळ्याची चिंता कमी होते.

हे सर्व फायदे एका अटीवर आहेत. भरलेली होडी एकट्या इंजिनाने ओढता आली पाहिजे. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा तीन नॉटचा असेल आणि एका इंजिनावर होडी तीनच नॉट जात असेल, तर ती जागेवरच उभी राहील. म्हणून हंगामापूर्वी चांगल्या हवेत, सोबत दुसरी होडी घेऊन, पूर्ण वजन भरून आणि एक इंजिन वर उचलून ओहोटीविरुद्ध चालवून पाहावे. मग दुसऱ्या इंजिनाने तसेच पाहावे. या परीक्षेत होडी उतरली नाही तर पाच-पाच हॉर्सपॉवरची दोन इंजिने घेण्यात काही अर्थ नाही.

टाकी एक, तर इंजिनही एकच

भिवंडीत एखाद्याचे दोन माग असतात, दोन्हींना स्वतंत्र मोटर असते. पण वीज गेली की दोन्ही एकदम थांबतात, कारण मोटरी दोन असल्या तरी तार एकच. होडीचेही तसेच आहे. एका टाकीतून दोन नळ्या काढून दोन इंजिने चालवली, आणि त्या टाकीत पाणी किंवा कचरा गेला, तर दोन्ही इंजिने पाच मिनिटांच्या अंतराने बंद पडतील. समुद्रात पुष्कळ वेळा इंजिन मोडत नाही, पेट्रोल खराब असते. म्हणून प्रत्येक इंजिनाला स्वतःची टाकी, स्वतःची नळी, स्वतःचा हातपंप आणि पाणी वेगळे करणारा स्वतःचा फिल्टर असावा. दोन्ही टाक्या एकाच वेळी एकाच कॅनमधून भरू नयेत. एका टाकीत आदल्या दिवसाचे, वापरून पाहिलेले पेट्रोल असणे उत्तम.

आजच्या काळात ही गोष्ट अधिक महत्त्वाची झाली आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि समुद्रावर ओलाव्याला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. बहुतेक आउटबोर्ड उत्पादकांनी आपल्या पुस्तकांत १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचीच मुभा दिलेली आहे. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरे इथेनॉलने फुगतात व कुजतात.

यावर उपाय सोपे आहेत. पेट्रोल लागेल तेवढेच घ्यावे, महिनोन्महिने साठवू नये. टाकी अर्धवट भरलेली ठेवण्याऐवजी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण कोरडी ठेवावी. काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल इंजिनात घालू नये. पावसाळी बंदीत इंजिन ठेवताना कार्बोरेटर रिकामा करावा.

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. पुष्कळ इंजिनांना ५० भागांस एक भाग, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असे प्रमाण असते. तरीही आपल्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेले प्रमाणच पाळावे. एक इंजिन टू-स्ट्रोक आणि दुसरे फोर-स्ट्रोक असेल तर टाक्यांवर ठळक रंगाने खूण करावी. घाईत बिनतेलाचे पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेले तर पिस्टन धरून बसतो.

बसवताना काय पाहावे

प्रथम होडीची मागची फळी. ती एका इंजिनासाठी बनलेली असते. दोन इंजिनांचे वजन आणि ढकल सोसण्यासाठी तिला आतून आधार द्यावा लागतो. हे काम होडी बांधणाऱ्या जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. दहा हॉर्सपॉवरची दोन फोर-स्ट्रोक इंजिने मिळून सुमारे ८० ते ९० किलो भरतात, तर वीस हॉर्सपॉवरचे एकच इंजिन ५० ते ५५ किलोंचे असते. त्यात दुसरी टाकी आली. हे सारे वजन मागे आले तर होडीची पाठ बसते आणि मागून येणारी लाट आत शिरते. म्हणून टाक्या पुढे किंवा मध्यावर ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट उंचीची. इंजिनाच्या पायावर, पंख्याच्या वर, एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा त्याखाली इंचभर असावी. होडीचे बूड व्हीच्या आकाराचे असेल तर मध्यापासून बाजूला सरकताच बूड वर चढते. म्हणून माप मध्यावर न घेता इंजिन जेथे बसणार तेथेच घ्यावे. बाजारात १५ इंची आणि २० इंची अशा दोन मापांचे पाय मिळतात. मध्यावर २० इंची लागत असले तरी बाजूला तेच खोल जाऊ शकते.

तिसरी गोष्ट दोहोंमधल्या अंतराची. इंजिने फार जवळ बसवली तर वळताना किंवा एक वर उचलताना डोकी एकमेकांवर आदळतात. फार लांब बसवली तर होडी कलली की एका बाजूचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसताच गरगरतो. भोके पाडण्यापूर्वी एक वर, एक खाली, दोन्ही पूर्ण वळवून, अशा सर्व स्थितींत पाहून घ्यावे. मागे निमुळत्या होत गेलेल्या होडीला दोन बाजूंना दोन इंजिने लावण्याचा मोह टाळावा. तेथे जागाच एका इंजिनाची असते.

चौथी गोष्ट वळवण्याची. दोन्ही इंजिने एका दांडीने जोडली तर एका हँडलने दोन्ही वळतात. ती दांडी झटकन सुटणारी असावी, म्हणजे एक वर उचलून दुसरे वळवता येईल. छोटी इंजिने सारी एकाच दिशेने फिरतात. त्याने होडी किंचित एका बाजूला ओढते, पण एवढ्या लहान जोरात त्याची काळजी करण्याचे कारण नाही. एक पुढे आणि एक मागे चालवून होडी जागेवर फिरवता येते, असेही सांगितले जाते. हातभर अंतरावरच्या दोन इंजिनांनी ते फारसे साधत नाही.

पाचवी गोष्ट पंख्याची. दोन्ही इंजिने मिळून होडी हलकी वाटते तेव्हा मोठ्या पिचचा पंखा चालतो. तोच पंखा एकट्या इंजिनावर आला की इंजिन गुदमरते, पुरते फेरे घेत नाही आणि तापते. पिच एक इंच कमी केल्यास मिनिटाला साधारण २०० फेरे वाढतात. भरवशासाठी दुसरे इंजिन घेतले असेल तर पंखा एकट्याने होडी ओढता येईल असा निवडावा. मग दोन्ही चालू असताना इंजिन मर्यादेपलीकडे फिरणार नाही एवढा हात आवरता ठेवावा.

रोजच्या वापराचे नियम

दोन्ही इंजिने रोज चालू करावीत. महिनाभर न वापरलेले दुसरे इंजिन ऐन वेळी चालू होत नाही. त्याच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा धरतो. सहज चालीसाठी एक दिवस उजवे, एक दिवस डावे असा क्रम ठेवावा. न चालणारे इंजिन पाण्याबाहेर उचलून ठेवावे, नाहीतर त्याचा पाय ब्रेकसारखा लागतो. खाडीच्या मुखाशी मात्र दोन्ही पाण्यात आणि दोन्ही चालू असावीत.

जाळे ओढताना आणि उथळ पाण्यात एक इंजिन वर ठेवावे. दोन्ही खाली असली तर जाळ्याची दोरी किंवा प्लास्टिकची पिशवी दोन्ही पंख्यांना एकदम गुंडाळते. एक वर असले तर एक पंखा नेहमी मोकळा राहतो. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार दर थोड्या वेळाने पाहावी. धार थांबली म्हणजे थंड करणारे पाणी चढत नाही, इंजिन तात्काळ बंद करावे. इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी दोन्हींची वेगवेगळी असते. चालवणाऱ्याने दोन्ही अंगाला बांधाव्यात. एकच बांधली तर माणूस पाण्यात पडल्यावर दुसरे इंजिन होडीला पुढे नेतच राहते.

दोन्ही इंजिनांची दुरुस्ती एकाच दिवशी एकाच कारागिराकडून करून घेऊन लगेच लांब जाऊ नये. काही चूक झाली असेल तर ती दोन्हींत झालेली असते. आधी एकाचे काम करावे, ते दोन-चार फेऱ्या चालवून पाहावे, मग दुसऱ्याचे करावे. घरी आल्यावर दोन्ही गोड्या पाण्याने धुवावीत. वहीत प्रत्येकाचे तास, पेट्रोल आणि दुरुस्ती वेगळी लिहावी. कोणते इंजिन कमावते आणि कोणते खाते, ते त्या वहीतून कळते.

दुसऱ्या वाटा

जड होडीचा वेग किंवा ओढ कमी पडत असेल तर दोन लहानांपेक्षा एक मोठे इंजिन बरे. ते वजनाला हलके असते आणि त्याचा पंखा मोठा असतो. मोठा, सावकाश फिरणारा पंखा जड होडीला चांगला ओढतो. काही उत्पादक लहान इंजिनातही असा मोठा पंखा आणि अधिक गिअर देतात, त्याला हाय-थ्रस्ट म्हणतात. दुसरी वाट म्हणजे एक मोठे इंजिन आणि संकटासाठी पाच-आठ हॉर्सपॉवरचे एक छोटे. खर्च कमी पडतो, पण छोट्याने भरलेली होडी ओढली पाहिजे, ही अट येथेही आहेच. आणि कोणतीही वाट घेतली तरी वल्ही, नांगर आणि लांब दोर होडीवर असलेच पाहिजेत. बंद होडीला नांगर धरून ठेवतो, म्हणून मदत येईपर्यंत ती जागेवर सापडते.

पातीदारांनी आधी बोलून घ्यावे

शेवटची गोष्ट वाट्याची. जेथे मासळीच्या उत्पन्नात होडीचा, जाळ्याचा, इंजिनाचा आणि माणसांचा असे वाटे पडतात, तेथे दुसरे इंजिन आले की भांडणाचे बीज पडते. मालक म्हणतो, इंजिनाचा वाटा दुप्पट हवा. खलाशी म्हणतात, मासळी तर तेवढीच आली. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. दुसऱ्या इंजिनाने मासळी वाढत नाही, पण सर्वांच्या जिवाची राखण होते. म्हणून त्याच्या खर्चात सर्वांनी थोडाथोडा भाग घ्यावा की मालकाने एकट्याने सोसावा, हे खरेदीपूर्वी ठरवावे आणि कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. इंजिन वाढवल्यावर होडीच्या नोंदणीत आणि विम्यात बदल करावा लागतो काय, हेही संबंधित कार्यालयात आधी विचारून घ्यावे. अपघातानंतर विमा कंपनीने कागद मागितले आणि कागदावर एकच इंजिन असले तर दावा अडकू शकतो.

थोडक्यात, वेगासाठी पैसा घालायचा असेल तर दोन इंजिनांचा सौदा बहुधा महाग पडतो. परतीच्या भरवशासाठी घालायचा असेल तर सौदा चांगला आहे, परंतु तेव्हाच जेव्हा एकटे इंजिन भरलेली होडी ओहोटीविरुद्ध घरी आणते, दोहोंची टाकी वेगळी असते आणि दोन्ही रोज चालू होतात. दुकानात पैसे मोजण्यापूर्वी आपल्या जुन्या एका इंजिनावर, पूर्ण वजन भरून, खाडीच्या मुखाशी ही परीक्षा करून पाहावी. त्याला काही खर्च येत नाही.